थ्री कार्ड पोकर शिकताना: नियम, बेट आणि राणी-छक्की-चौकीची रेषा

नवा_भिडू

नमस्कार मंडळी. कॅसिनोतला थ्री कार्ड पोकर नीट समजून घ्यायचा आहे, म्हणून हा धागा काढतोय. तीन पत्ती मला चांगली येते, पण तिथल्या सवयी इथे उपयोगी कमी आणि आडव्या जास्त येतात असं दिसतंय.

नियमांचा कागद वाचला. त्यातून एवढं कळलं की इथे शेजारी बसलेल्यांशी सामना नसतो, फक्त डीलरशी असतो. ब्लफ नाही, चाल वाढवत नेणं नाही, शो मागणं नाही. आधी अँटी (पत्ते वाटण्याआधीची बेट) लावायची, तीन पत्ते बघायचे आणि एकदाच ठरवायचं: पुढे खेळायचं की पॅक व्हायचं.

अडलंय ते असं. डीलर 'क्वालिफाय' होतो म्हणजे नेमकं काय, आणि तो झाला नाही तर माझ्या पैशांचं काय होतं? कोणता हात खेळावा आणि कोणता टाकावा याला पक्का नियम आहे की आपापल्या अंदाजाने चालायचं? आणि टेबलावर 'पेअर प्लस' नावाचं आणखी एक वर्तुळ असतं, ते मुख्य डावाचा भाग की वेगळं? जाणकारांनी सविस्तर लिहावं, मला अजिबात घाई नाही.

किलवर_दश्शी

चांगला विषय. आधी हातांची उतरंड पक्की करा, कारण तीन पत्तीवाल्यांचा पहिला गोंधळ तिथेच होतो.

थ्री कार्ड पोकरमध्ये सगळ्यात वर स्ट्रेट फ्लश, म्हणजे आपली प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाचे ओळीने तीन पत्ते). तिच्याखाली ट्रेल (तीन सारखे पत्ते). मग साधी सिक्वेन्स, मग कलर (तिन्ही पत्ते एका रंगाचे), मग जोडी आणि शेवटी नुसता मोठा पत्ता. तीन पत्तीत ट्रेल सर्वांत वर असते, इथे ती दुसऱ्या जागी आहे. बाकी क्रम तोच. एक्का-राजा-राणी ही सर्वांत मोठी सिक्वेन्स आणि तिर्री-दुर्री-एक्का ही सर्वांत लहान. तीन पत्तीत बरेच लोक एक्का-दुर्री-तिर्री दुसऱ्या नंबरला धरतात, ते इथे चालत नाही.

आता डाव. पत्ते वाटण्याआधी तुम्ही अँटीच्या जागी चिप ठेवता. तुम्हाला तीन पत्ते, डीलरला तीन पत्ते, सगळे पालथे. तुम्ही आपले बघता. खेळायचं असेल तर अँटीएवढीच रक्कम 'प्ले'च्या चौकोनात ठेवता. कमी नाही, जास्त नाही, बरोब्बर तेवढीच. खेळायचं नसेल तर पत्ते पुढे सरकवायचे आणि अँटी गेली.

सगळ्यांचं ठरलं की डीलर आपले पत्ते उघडतो. त्याच्याकडे निदान राणी असलेला हात हवा. राणी किंवा त्याहून वरचं काहीही असेल तर तो क्वालिफाय झाला. मग सरळ तुलना: तुमचा हात मोठा तर अँटी आणि प्ले दोन्हींवर एकास एक मिळतं, लहान असेल तर दोन्ही जातात, बरोबरी झाली तर दोन्ही परत. डीलरकडे गुलामापर्यंतचाच हात असेल तर तो क्वालिफाय होत नाही. अशा वेळी तुमच्या अँटीवर एकास एक मिळतं आणि प्लेची रक्कम जशीच्या तशी परत येते.

नवा_भिडू

डीलर क्वालिफाय झाला नाही, पण त्याचा हात माझ्यापेक्षा मोठा निघाला तर?

किलवर_दश्शी

तरी अँटी तुम्हीच जिंकता. समजा तुमच्याकडे नव्वी-सत्ती-दुर्री आणि तुम्ही प्ले लावलंत. डीलरने उघडले गुलाम-दश्शी-चौकी. त्याचा हात मोठा आहे, पण गुलामावर अडला. तुम्हाला एक अँटी नफा. (हा हात खेळावा असं मी म्हणत नाही, फक्त हिशेब दाखवतोय.)

उलट बाजूही लक्षात घ्या. तुमच्याकडे एक्का-राजा-सत्ती असा मोठा हात आहे आणि डीलर क्वालिफाय झाला नाही, तर प्लेवर काहीच मिळत नाही. चांगल्या हाताचा अर्धा मोबदला तिथे बुडतो. कॅसिनोच्या कमाईचं एक मोठं कारण हे आहे.

बदाम_सत्ती

उत्तम माहिती. एक राहिलं, अँटी बोनस. सिक्वेन्स किंवा त्याहून मोठा हात आला आणि तुम्ही प्ले लावलंत, तर अँटीवर जादा बोनस मिळतो. नेहमी दिसणारा तक्ता असा: सिक्वेन्सला १, ट्रेलला ४, स्ट्रेट फ्लशला ५. हा बोनस डीलरच्या हातावर अवलंबून नसतो. तुमच्याकडे पंजी-छक्की-सत्ती आली आणि डीलरकडे अठ्ठी-नव्वी-दश्शी, तर अँटी आणि प्ले मिळून दोन चिप गेल्या, पण बोनसची एक मिळाली. निव्वळ तोटा एक चिप.

काही ठिकाणी हा तक्ता थोडा कंजूष असतो. बसण्याआधी टेबलावर छापलेले आकडे वाचा. तेच खरे, बाकी सगळं ऐकीव.

चौकट_गुलाम

पक्क्या नियमाबद्दल: डीलरला राणी लागते, म्हणून आपणही राणी असेल तरच खेळायचं. सरळ, सोपं. मी बघितलेले बरेच अनुभवी लोक असंच खेळतात.

सावकाश

आमच्याकडचे बरेच जण उलट म्हणतात. पत्ते न बघता प्रत्येक डाव खेळा, डीलर तसाही बऱ्याचदा अडतो.

गणिताची_वही

दोन्ही मतांमागे काही विचार आहे, पण याचा हिशेब कागदावर पूर्ण होतो, त्यामुळे मतावर सोडायची गरज नाही. जरा विस्ताराने लिहितो, कारण हा एक हिशेब समजला की अख्खा खेळ समजतो.

बावन्न पत्त्यांतून तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यांपैकी गुलाम किंवा त्याखालचे, म्हणजे डीलरला अडवणारे, ६,७२० आहेत. म्हणजे ३०.४ टक्के वेळा डीलर अडतो आणि ६९.६ टक्के वेळा क्वालिफाय होतो. 'बऱ्याचदा अडतो' याचा अर्थ दहात तीनदा.

आता समजा तुमच्याकडे अगदी फालतू हात आहे, क्वालिफाय झालेल्या डीलरला कधीच न हरवणारा. गुलामापर्यंतचा नुसता मोठा पत्ता असलेला कुठलाही हात असाच असतो. तो टाकला तर तोटा ठरलेला: १ अँटी. तो खेळलात तर ३०.४ टक्के वेळा १ मिळते आणि ६९.६ टक्के वेळा २ जातात. सरासरी काढली तर १.०८८ अँटीचा तोटा. म्हणजे टाकण्यापेक्षा खेळणं महाग, पण फार महाग नाही. फरक पाव अँटीचाही नाही, एक दशांशाहून कमी आहे. न बघता खेळणाऱ्यांना आपण चुकतोय हे जाणवत नाही त्याचं कारण हेच. प्रत्येक डावात नुकसान थोडं, पण ते साचत जातं.

पुढची पायरी. ०.०८८ ची ही तूट भरून निघायला काय लागेल? क्वालिफाय झालेल्या डीलरला तुम्ही हरवलंत तर दोन जायच्या ऐवजी दोन मिळतात, म्हणजे चारचा फरक पडतो. ०.०८८ भागिले ४, म्हणजे साधारण २.२ टक्के. क्वालिफाय झालेल्या डीलरला तुमचा हात एकूण डावांच्या एवढ्याशा भागात हरवत असेल, तरी तो खेळण्यालायक ठरतो.

मग असा सर्वांत लहान हात कोणता? डीलरचे राणीवाले हात खालून मोजा. राणी-छक्की-चौकीच्या खाली राणी-तिर्री-दुर्रीपासून राणी-छक्की-तिर्रीपर्यंत आठ जोडण्या येतात आणि प्रत्येकीचे ६० हात, म्हणजे ४८०. हे २२,१०० च्या २.१७ टक्के होतात. वरच्या २.२ च्या अगदी काठावर. हा ढोबळ हिशेब झाला. तुमच्या हातातले तीन पत्ते कॅटमधून वगळून काटेकोर हिशेब केला की रेषा नेमकी तिथेच पडते: राणी-छक्की-चौकी किंवा त्याहून वरचा प्रत्येक हात खेळायचा, राणी-छक्की-तिर्री आणि त्याखालचा प्रत्येक हात टाकायचा.

या रेषेने खेळलात तर १-४-५ च्या बोनसवर कॅसिनोचा वाटा अँटीच्या ३.३७ टक्के राहतो. चौकट_गुलाम म्हणतात तसं कुठलीही राणी खेळलात तर ३.४५ टक्के, म्हणजे फरक किरकोळ. सगळेच हात न बघता खेळलात तर मात्र ७.६५ टक्के, दुपटीहून जास्त. तेव्हा 'राणी असेल तर खेळ' हा नियम लक्षात ठेवायला सोपा म्हणून वाईट नाही. न बघता खेळण्याचं समर्थन मात्र कशानेच होत नाही.

चौकट_गुलाम

हे पटलं. ८ शतांश टक्क्याचा फरक आहे तर मग राणी-छक्की-चौकी पाठ तरी कशाला करायची?

गणिताची_वही

कारण या खेळात तुमच्या हातात असलेला निर्णय हा एवढाच आहे. टेक्सास होल्डेममध्ये माणूस वर्षानुवर्षं शिकत राहतो. इथे शिकण्यासारखं एकच वाक्य आहे, तर ते तरी अचूक असावं असं मला मनापासून वाटतं.

किलवर_दश्शी

+१. त्या रेषेबद्दल एक खुलासा, कारण नवीन लोक इथे हमखास घसरतात. तुलना डावीकडून होते. आधी सर्वांत मोठा पत्ता, तो बरोबरीत असेल तर दुसरा, तोही बरोबरीत असेल तरच तिसरा. राणी-नव्वी-दुर्री खेळायची, कारण नव्वी छक्कीपेक्षा मोठी आहे; मग दुर्री चौकीपेक्षा लहान आहे याला महत्त्व नाही. राणी-पंजी-चौकी टाकायची, कारण पंजी छक्कीला कमी पडते. आणि राजा किंवा एक्का असेल तर पुढचे पत्ते बघायचीही गरज नाही, खेळायचं.

नवा_भिडू

खूप आभार, गणिताची_वही. २.२ टक्क्यांचा तो मुद्दा कुठल्याही नियमांच्या कागदावर नव्हता. आता पेअर प्लसबद्दल कुणी सांगाल का?

बदाम_सत्ती

पेअर प्लस पूर्ण वेगळी बेट आहे. पत्ते वाटण्याआधी लावायची. तुमच्या तीन पत्त्यांत जोडी किंवा त्याहून वरचं काही आलं तर तक्त्याप्रमाणे पैसे, नाहीतर बेट गेली. डीलरकडे काय आहे याचा काही संबंध नाही. काही कॅसिनोत नुसती पेअर प्लस लावून बसता येतं, काही ठिकाणी अँटीही लावावीच लागते.

कोणी विचारेल की पॅक झालो तर पेअर प्लसचं काय. जोडी हातात असताना कुणी पॅक होत नाही, आणि जोडी नसेल तर ती बेट तशीही गेलेलीच असते. त्यामुळे या प्रश्नाने डोकं शिणवू नका.

गणिताची_वही

या बेटमध्ये कसब शून्य. सगळं तक्त्यावर. म्हणून तक्ता कसा वाचायचा ते शिकून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

२२,१०० हातांची विभागणी अशी: स्ट्रेट फ्लश ४८, ट्रेल ५२, सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६, जोडी ३,७४४, आणि काहीच नाही असे १६,४४०. उतरंडीचं कारणही इथेच दिसतं. स्ट्रेट फ्लश ट्रेलपेक्षा चारच हातांनी दुर्मीळ आहे, म्हणून ती वर. पाच पत्त्यांच्या पोकरमध्ये कलर सिक्वेन्सपेक्षा मोठा, इथे उलटं, कारण तीनच पत्ते असताना एका रंगाचे येणं सोपं आणि ओळीने येणं अवघड.

आता जुना चांगला तक्ता घ्या: स्ट्रेट फ्लशला ४०, ट्रेलला ३०, सिक्वेन्सला ६, कलरला ४, जोडीला १. प्रत्येक संख्येला तिच्या मोबदल्याने गुणून बेरीज केली की १५,९२८ येते. हरणारे हात १६,४४०. फरक ५१२, म्हणजे कॅसिनोचा वाटा २.३२ टक्के. ही बेट चांगली म्हणावी अशी.

आता फक्त कलरचे ४ चे ३ करा, बाकी सगळं तेच ठेवा. बेरीज १,०९६ ने घटते, फरक १,६०८ होतो आणि वाटा ७.२८ टक्क्यांवर जातो. एका आकड्याने तिप्पट! वरचे ४० आणि ३० तसेच झळकत राहतात, माणसाची नजर तिथेच जाते आणि बदल मधल्या ओळीत असतो. म्हणून पेअर प्लसचा तक्ता बघताना आधी कलरची ओळ वाचायची. तिथे ४ असेल तर विचार करा. ३ असेल तर माझं स्पष्ट मत आहे की तिथे चिप ठेवू नये.

सावकाश

पण पेअर प्लस सारखी लागते असं वाटतं.

बदाम_सत्ती

जिंकणारे हात ५,६६०, म्हणजे २५.६ टक्के. चारातून एकदा. आणि त्यातल्या जवळजवळ दोनतृतीयांश वेळा नुसती जोडी असते, जिच्यावर एकास एकच मिळतं. तीनदा हरून एकदा एकास एक जिंकणं म्हणजे सतत खाली जाणं, मध्येच एखादी सिक्वेन्स वर उचलते. चढउतार सोसवत नसतील तर ही बेट टाळलेली बरी.

टेबलावर कधी कधी 'सिक्स कार्ड बोनस'ही दिसेल. तुमचे तीन आणि डीलरचे तीन मिळून पाच पत्त्यांचा सर्वोत्तम हात बनवायचा. रॉयल फ्लशवर मोठी रक्कम छापलेली असते. त्यात कॅसिनोचा वाटा मुख्य डावाच्या कितीतरी पट असतो. त्यावर यापेक्षा जास्त लिहीत नाही.

सावकाश

मग रक्कम दुप्पट करत जायचं का? हरलो की अँटी दुप्पट, जिंकलो की पुन्हा एकपासून. कधीतरी जिंकणारच ना?

किलवर_दश्शी

सावकाश, कृपया असं करू नका. हा मार्ग प्रत्येक खेळात धोक्याचा आहे, पण इथे जास्त, कारण अँटीच्या मागोमाग तेवढीच प्ले लावावी लागते. एका चिपपासून सुरू केलं आणि सलग पाच डाव हरलात, तर सहाव्या डावाची अँटी ३२. चांगला हात आला तर आणखी ३२ हव्यात. एकूण ६४ चिप, आणि त्याआधी ६२ पर्यंत गेलेल्या असू शकतात. हे सगळं सुरुवातीची एक चिप मिळवण्यासाठी. वरून टेबलाला कमाल मर्यादा असते, म्हणजे कुठेतरी दुप्पट करणंही बंद. आणि खिशात प्लेपुरती चिप उरली नाही म्हणून चांगला हात टाकावा लागणं, ही या खेळातली सर्वांत वाईट जागा. अँटी लावतानाच तिच्याएवढी रक्कम बाजूला धरायची, हे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडा.

गणिताची_वही

याला जोडून. एका डावाचं प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून किती वरखाली होतो त्याचं माप, साधारण १.६४ अँटी असतं. एक चिप अँटीने शंभर डाव खेळलात तर सरासरी तोटा ३.३७ चिप, पण चढउतार १६ चिपांच्या आसपास. म्हणजे शंभर डावांनंतर दहा-पंधरा चिप वर असणं किंवा वीस खाली असणं, दोन्ही अगदी स्वाभाविक. एवढ्यावरून आपली पद्धत बरोबर की चूक हे कळतच नाही. दहा हजार डावांना तोटा ३३७ होतो आणि चढउतार १६४ च्या आसपास. तिथे वर असलेला माणूस क्वचितच सापडेल.

रक्कम बदलून टक्केवारी बदलत नाही. पुढचा डाव नव्याने पिसलेल्या कॅटमधून येतो, मागच्या हारजितीची त्यात काहीही नोंद नसते. घरी नेण्यासारखी गोष्ट एवढीच की किती चिप गमावणं परवडेल ते बसण्याआधी ठरवायचं आणि तेवढ्याच बरोबर घ्यायच्या.

चौकट_गुलाम

अवांतर: या खेळाचा इतिहास कुणाला माहीत आहे का? तीन पत्तीशी नातं दिसतं.

बदाम_सत्ती

डेरेक वेब या ब्रिटिश पोकर खेळाडूने १९९४ मध्ये हा तयार केला. त्याआधी इंग्लंडात 'ब्रॅग' हा तीन पत्त्यांचा जुना जुगार होताच, आणि तीन पत्तीचं मूळही ब्रॅगमध्येच सांगतात. त्यामुळे नातं आहे, चुलत भावंडांचं म्हणा. वेब यांनी डीलरविरुद्धची मांडणी आणि क्वालिफायची अट घालून तो कॅसिनोच्या टेबलाला जुळवला. त्याच सुमाराचा कॅरिबियन स्टड हा कॅसिनोतला दुसरा पोकर संथ चालायचा. थ्री कार्ड पोकरचा डाव झटपट उरकतो, हे त्याच्या यशाचं मोठं कारण असं मला वाटतं. खेळणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर मात्र तासाला जितके जास्त डाव, तितका जास्त तोटा. त्यामुळे सावकाश खेळणाऱ्याचा फायदाच.

नवा_भिडू

आता समजलं का ते तपासून बघतो. पाच हात लिहितो आणि माझं उत्तर देतो, चुकलं तर सांगा. राजा-चौकी-दुर्री: खेळायचं. राणी-सत्ती-दुर्री: खेळायचं. राणी-छक्की-तिर्री, तिन्ही बदाम: टाकायचं. गुलाम-दश्शी-नव्वी, वेगवेगळे रंग: टाकायचं. तिर्री-दुर्री-एक्का: एक्का आहे म्हणून खेळायचं.

किलवर_दश्शी

पहिले दोन बरोबर. तिसरा चूक: तिन्ही बदाम म्हणजे कलर झाला, रेषेचा प्रश्नच उरला नाही, खेळायचं. चौथाही चूक: गुलाम-दश्शी-नव्वी ही सिक्वेन्स आहे, खेळायचं आणि वर बोनसही मिळेल. पाचवा खेळायचाच, पण एक्का आहे म्हणून नव्हे, ती सर्वांत लहान सिक्वेन्स आहे म्हणून. पत्ते उचलल्यावर क्रम असा ठेवा: आधी जोडी आहे का, मग एक रंग आहे का, मग ओळीने आहेत का. तिन्ही नाही म्हटल्यावरच राणी-छक्की-चौकी आठवायची.

नवा_भिडू

समजलं. कॅट काढून दोन हात वाटत बसतो, एक माझा, एक डीलरचा. हाच क्रम न चुकता जमेपर्यंत.

गणिताची_वही

डीलरचा हात उघडण्याआधी तुमचं उत्तर कागदावर लिहा. डीलरचे पत्ते दिसले की बरोबर टाकलेला हातसुद्धा चुकल्यासारखा वाटायला लागतो.